दारातल्या चार पितळी चौकटी आणि सोळा पानी फॉर्म

स्प्रीकाठची | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

बर्लिनला येऊन दीड वर्ष झालं, ऑगस्टमध्ये घर बदललं. इमारत शंभर-सव्वाशे वर्षांची, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सामान चढवता चढवता कंबरेचा काटा ढिला झाला, त्यामुळे पहिले चार दिवस पायाखाली काय आहे ते पाहिलंच नाही. पाचव्या दिवशी लेकीने (वय ७) विचारलं, "आई, आपल्या दारात ही नावं कोणाची लिहिलीत?"

फुटपाथच्या दगडांत बसवलेल्या चार पितळी चौकटी. प्रत्येक १० सेंमी बाय १० सेंमी. इथे त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचा दगड. गुंटर डेमनिश नावाच्या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला पहिला बसवला, आता युरोपभर लाखाच्या वर झालेत. मजकूर ठरावीक. 'इथे राहत होता', नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या दारातली चारही नावं एकाच आडनावाची. आईबाप आणि दोन मुलं. धाकट्याला नेलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. नावं इथे लिहीत नाही, उगाच वाटतं.

लेकीला जमेल तेवढं सांगितलं. तिने विचारलं, "तो माझ्याच खोलीत झोपायचा का?" काय सांगू.

पण प्रश्न तो नाही. त्यानंतर मी वाचत सुटले, आणि एका ठिकाणी अडकले. हिटलरच्या राज्यात छावणीच्या गाडीत घालायच्या आधी प्रत्येक ज्यू कुटुंबाकडून एक फॉर्म भरून घ्यायचे. सोळा पानी. बँक खातं, विम्याची पॉलिसी, खुर्च्या किती, चादरी किती, पडदे, टेबलक्लॉथ, शर्ट. नोव्हेंबर १९४१ मध्ये नियमच केला की ज्या ज्यूचा मुक्काम परदेशी, त्याचं नागरिकत्व गेलं आणि मालमत्ता सरकारजमा. मुक्काम परदेशी कसा, तर सरकारनेच गाडीत कोंबून सीमेपार नेला म्हणून! मग फॉर्म बघून सामानाची मोजदाद, आणि लिलाव. कपाटं, भांडी, पाळणे लोक विकत घेऊन गेले.

मी पुण्यात नऊ वर्षं एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. फॉर्म अपुरा असला की परत पाठवायचा. समोर रकाना दिसतो, माणूस नाही. म्हणून विचारते, त्या टेबलांवर बसलेल्यांना कळत होतं का आपण काय करतोय? आणि कळल्यावर कुणी कागद अडवला का? कागद अडवायची आपल्याकडे थोर परंपरा आहे, म्हणून मनात आलं.

टवाळखोर | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३१

पहिला!
ताई, ते टेबल आमच्या तालुक्याला असतं तर साहेब रजेवर, सर्व्हर डाऊन, आणि "दोन झेरॉक्स जोडून सोमवारी या". युद्ध संपलं असतं पण फॉर्म पुढे सरकला नसता.

निशिगंधा_के | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

विषय काय आणि विनोद काय. वाचून पोटात गोळा आला आणि इथे 'पहिला' चाललंय.

स्प्रीकाठची | २७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

निशिगंधा, राहू दे गं. माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं. हसू आलं आणि मग आलंच नाही.

कागदीघोडा | २७ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, ३१ वर्षं तहसीलमध्ये काढली. टवाळखोर, मीही हसलो. पण खरं सांगू, कागद अडतो तो गरिबाचा. वरून 'तातडीचे' असा शिक्का पडला की त्याच टेबलावरून, त्याच माणसाच्या हातून, दोन तासांत फाईल बाहेर पडते. रविवारी ऑफिस उघडून केलेली कामं आठवतात. त्यामुळे आपल्या ढिलाईने कोणी वाचलं असतं ह्या भ्रमात राहू नका.

आता मुद्द्याचं. ज्यू कोण हे ठरवणं मुळात महसुली पद्धतीचं काम होतं. सप्टेंबर १९३५ चे न्यूरेंबर्गचे कायदे आले, तेव्हा माणूस देवळात जातो की नाही ह्याला अर्थच उरला नाही. आजी-आजोबा चार, त्यातले तीन किंवा चार ज्यू असले की तुम्ही ज्यू. बाप्तिस्मा घेतलेला असला तरी. मग आजी-आजोबांचे दाखले कुठून आणायचे? चर्चच्या जुन्या वह्यांतून. सगळ्या देशाला वंशावळीचे उतारे हवे होते, कारण नोकरीसाठी 'आर्य' असल्याचा पुरावा लागे. गावोगावचे पाद्री आणि त्यांचे कारकून उतारे लिहून देत बसले. त्यांनी कोणाला चापटसुद्धा मारलेली नाही.

पुढे १ जानेवारी १९३९ पासून ज्यांचं नाव सरकारी यादीतलं ज्यू नाव नसेल अशा ज्यू पुरुषांनी नावात 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' लावायचं. आणि हे लावल्याची वर्दी नोंदणी कार्यालयात त्यांनी स्वतःच द्यायची. त्याच वर्षी १७ मे ला जनगणना झाली, तिच्यात एक जादा कार्ड होतं, आजी-आजोबांपैकी ज्यू कोण ते लिहायचं. बंद पाकिटात! म्हणजे गोपनीयता पाळली.

आजोबा_७४ | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

घोडेसाहेब, उत्तम. आमच्या शाळेत ड्रिलच्या मास्तरांना आम्ही हिटलर म्हणत असू. बिचारे दर सोमवारी फक्त नखं तपासत. शेवटचं वर्ष संपताना कळलं की त्यांना ते नाव आवडत असे.

आमच्या पिढीच्या मनात हिटलरविषयी एक छुपं कौतुक होतं, हे कबूल करायला हवं. इंग्रज शत्रू, मग शत्रूचा शत्रू तो मित्र. शिस्त, रस्ते, पोलाद. छळछावण्या हा आमच्या लेखी पुस्तकाच्या शेवटचा एक परिच्छेद होता. त्याचं आत्मचरित्र आजही फुटपाथवर ढिगात मिळतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांना खेटून. नातवाने मागच्या वर्षी विकत आणलं, "लीडरशिप" शिकायला म्हणून. मी त्याला रद्दीत घाल म्हटलं नाही. तू वाच आणि मला सांग लीडरशिप कोणत्या पानावर आहे, म्हटलं. तिसाव्या पानाला कंटाळला.

प्रश्नचिन्ह | २७ ऑक्टोबर, रात्री ११:१८

सगळं एकतर्फी चाललंय. इतिहास जेते लिहितात. ६० लाख हा आकडा कोणी मोजला? आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो मेले त्याबद्दल चर्चिलला कोणी पिंजऱ्यात उभं केलं नाही. त्यावर धागा काढा की.

निशिगंधा_के | २७ ऑक्टोबर, रात्री ११:२५

आलेच.

इतिहासाची_वही | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

प्रश्नचिन्ह, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंगालवर धागा जरूर काढा, मी सगळ्यात आधी येईन. तिथे राज्यकर्त्यांनी माणसं मरू दिली, आणि त्याचा हिशेब व्हायलाच हवा. पण एका दुष्काळाने दुसरी छावणी पुसली जात नाही.

आता 'कोणी मोजला'. मारणाऱ्यांनी मोजला. ११ जानेवारी १९४३ ला लुब्लिनहून हेर्मान ह्योफ्ले ह्या एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) अधिकाऱ्याने एक सांकेतिक तार पाठवली. ब्रिटिशांनी ती वाटेत पकडली, उलगडली, पण आकडे कशाचे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती २००० साली लंडनच्या अभिलेखागारात सापडली. तारेत छावण्यांची नावंसुद्धा नाहीत, नुसती चार अक्षरं. लुब्लिन म्हणजे मायदानेक २४,७३३. बेउझेत्स ४,३४,५०८. सोबिबोर १,०१,३७०. ट्रेब्लिंका ७,१३,५५५. एकूण १२,७४,१६६. फक्त १९४२ अखेरपर्यंतचे, आणि फक्त ह्या चार ठिकाणचे. ऑशविट्झ ह्यात नाही, तिथे सुमारे ११ लाख मेले आणि त्यातले १० लाखांच्या आसपास ज्यू. गोळ्या घालून मारलेले ह्यात नाहीत. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ ह्या दोन दिवसांत ३३,७७१, हाही त्यांच्याच अहवालातला आकडा.

शेवटचे ते ६६ बघा. अजमासे नाही लिहिलेलं.

प्रश्नचिन्ह | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न विचारायचाही गुन्हा झाला का? हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

टवाळखोर | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:४६

तुमचं हे ह्या वर्षातलं अकरावं शेवटचं पोस्ट. मारणारे नसतील मोजत, पण मी मोजतोय.

भुसावळ_जंक्शन | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

नमस्कार. मी सहसा फक्त वाचतो. रेल्वेत ३६ वर्षं, त्यातली शेवटची १४ कंट्रोल ऑफिसात. ताईंच्या प्रश्नाला टेबलाचं उत्तर मिळालं, रुळाचं मी देतो.

गाडी हवेतून जात नाही. एक जादा गाडी काढायची तर रेक (डब्यांची जोडलेली रांग) लागतो, इंजिन लागतं, मार्ग मोकळा लागतो, प्रत्येक स्टेशनला आधी कळवावं लागतं, ड्रायव्हर-गार्डची पाळी लावावी लागते. म्हणजे एका गाडीमागे पन्नास-शंभर माणसांना ती गाडी माहीत असते. सप्टेंबर १९४२ चा एक वेळापत्रकाचा हुकूम आहे, त्याच्याविषयी मी वाचलंय. मालडब्यांची गाडी भरून ट्रेब्लिंकाला, आणि तोच रेक रिकामा परत. त्या कागदावर 'गुप्त' असा शिक्कासुद्धा नाही. 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' एवढंच. आमचे मेमो असेच असायचे.

ट्रेब्लिंका म्हणजे काय? काही वस्ती नाही, कारखाना नाही. तिथे रोज भरलेल्या गाड्या जातायत आणि परत येताना कोणी नाही. कंट्रोलरला हे दोन दिवसांत कळतं. तिसऱ्या दिवशी कळलं नाही म्हणणारा खोटं बोलतो. माझा अंदाज नाही हा, आमचं कामच ते आहे, किती गेलं आणि किती आलं.

आणि तिकीट. होय, तिकीट होतं. जर्मन रेल्वे एसएसकडून भाडं घ्यायची. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला ४ फेनिश (शंभर फेनिशचा एक मार्क). दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धं, चार वर्षांखालच्याला माफ. ४०० च्या वर माणसं असली की गटाची सवलत, निम्मा दर. प्रवास मालडब्यातून. शंभर किलोमीटर धरले तर सवलतीने माणशी २ मार्क, पोराचा १ मार्क. जाण्याचंच. परतीचं भाडं फक्त पहारेकऱ्यांचं. आणि हे बुकिंग कोण करायचं, तर लोकांना सहलींची तिकिटं काढून देणारी प्रवासी कंपनी. बिल जप्त केलेल्या ज्यूंच्या पैशांतून भागवायचे.

ताई, तुमच्या दारातल्या धाकट्याचं तिकीट हाफ लागलं असणार.

निशिगंधा_के | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काका.

कागदीघोडा | २९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

दंडवत. ह्यापुढे लिहायला काही उरत नाही, पण एक विचारतो. रेल्वेच्या वरच्या साहेबांचं पुढे काय झालं?

भुसावळ_जंक्शन | २९ ऑक्टोबर, रात्री ८:४५

आल्बर्ट गांझेनम्युलर, वाहतूक खात्याचा सचिव. २८ जुलै १९४२ ला त्याने एसएसचा प्रमुख हिमलर ह्याच्या कचेरीला पत्र लिहून कळवलं की २२ जुलैपासून रोज एक गाडी ५,००० ज्यू घेऊन वॉर्सातून माल्किनियामार्गे ट्रेब्लिंकाला जाते. तिकडून आनंद झाल्याचं उत्तर आलं. युद्धानंतर तो अर्जेंटिनात गेला, मग परत आला. १९७३ मध्ये ड्युसेलडॉर्फला खटला उभा राहिला, त्याला हृदयविकाराचा झटका आला, खटला थांबला तो थांबलाच. सजा नाही.

आणखी एक. ट्रेब्लिंकाच्या फलाटावर खोटं स्टेशन उभं केलं होतं. पाट्या, तिकीट खिडकी, आणि भिंतीवर घड्याळ. घड्याळाचे काटे रंगवलेले. मी हे वाचल्यावर चहा ठेवला आणि प्यायचा विसरलो.

आडवाट | ३० ऑक्टोबर, दुपारी १:१०

काकांनी २२ जुलै १९४२ ही तारीख दिली म्हणून लिहिते. त्याच्या चारच दिवस आधी, १८ जुलैला, वॉर्साच्या घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) एका अनाथाश्रमात मुलांनी नाटक केलं. कुठलं, तर रवींद्रनाथांचं 'डाकघर'. आश्रम चालवणारे यानुश कोर्चाक, डॉक्टर आणि मुलांचे लेखक. नाटकातला अमल आजारी आहे, वैद्याने बाहेर जायला बंदी केलीय, खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो. घेट्टोच्या भिंतीआड कोंडलेल्या मुलांना हे नाटक समजावून सांगावं लागलं नसणार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांबरोबर कोर्चाकही गाडीत चढले. त्यांना सुटायची संधी होती, घेतली नाही. गाडी ट्रेब्लिंकाची.

मी शाळेत असताना ह्याच नाटकात दहीवाला केला होता. मराठीतून. फक्त डोक्यावरचं मडकं पडू नये एवढीच चिंता.

तांबडा_रस्सा | ३० ऑक्टोबर, रात्री १०:२२

आमच्या कोल्हापूरला वळिवड्यात हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू ठेवले होते, पाच हजार. माझ्या पणजीच्या घरी दूध न्यायला यायचे. अख्खं जग दारं लावून बसलं होतं तेव्हा कोल्हापूरनं दार उघडलं! अभिमान आहे.

इतिहासाची_वही | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

तांबडा_रस्सा, अभिमान ठेवा, पण दुरुस्ती करून. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासित होते, सुमारे ५,००० हे बरोबर. पण ते बहुतांश कॅथलिक. आणि त्यांना हाकलणारा हिटलर नव्हता, स्टालिन होता. पूर्व पोलंड सोव्हिएतांनी बळकावला तेव्हा ह्यांना सैबेरियाकडे धाडलं, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलं सांभाळली, तीही ह्याच वाटेने आलेली. ही फॉरवर्डमधली गल्लत दर महिन्याला येते.

तांबडा_रस्सा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:५८

मग आमच्या पणजीनं दूध कुणाला घातलं ओ?

इतिहासाची_वही | ३१ ऑक्टोबर, सकाळी १०:०१

पोलिश माणसांनाच घातलं. दुधाचं पुण्य कमी होत नाही.

गिरगाव_चौपाटी | ३१ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

निर्वासितांचा विषय निघालाच आहे तर आकाशवाणीची धून. पहाटे तानपुऱ्यावर व्हायोलिन वाजायचं ती. ती वाल्टर काउफमान ह्या ज्यू संगीतकाराची, कार्ल्सबाडचा माणूस, १९३४ मध्ये मुंबईला आला. बाबा ती वाजली की रेडिओवर घड्याळ लावायचे, मला कित्येक वर्षं ती सरकारी धून वाटायची.

दुसरी बाजूही आहे. जे ज्यू जर्मनी-ऑस्ट्रियातून निसटून इथे पोचले त्यांच्या पासपोर्टावर १९३८ पासून लाल 'जे' चा शिक्का. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ह्यांनाच उचलून नगरच्या छावणीत टाकलं. तिथे बाजूला कोण, तर मुंबईतल्या जर्मन कंपन्यांमधले नाझी पक्षाचे सभासद! चौकशी होऊन बरेच सुटले. पण एकदा जर्मन नाही म्हणून घालवलं, एकदा जर्मन म्हणून धरलं.

नवगावकर | १ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. माहेर ठाणे, आता इस्राएलमध्ये लोडला राहते. तीस वर्षं झाली. घरात अजून मराठीच, सुनेशी हिब्रू.

आमची कोकणातली गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, मग तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून 'शनवार तेली'. आमच्यात सांगायचं तर छळाची गोष्टच नाही. आजी रेवदंड्याची. १९३७ मध्ये डॉ. इलायजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, बेने इस्राएलच. तिकडे न्यूरेंबर्गचे कायदे होऊन दोन वर्षं झाली होती. आजीला तिकडचं काही माहीतच नव्हतं. आलिबागच्या बाजारात तिला कोणी विचारलं नव्हतं तुझे आजी-आजोबा कोण.

इथे आल्यावर मात्र माझ्या मुलाला वर्गात विचारलं, "तुझे आजोबा कोणत्या छावणीत होते?" तो म्हणाला, "व्हीटीला, पोस्टात." मुलं हसली. घरी येऊन मला विचारतो, आपण खरे ज्यू नाही का? आणि हे म्हणणारा तो पहिला नव्हता. १९६० च्या सुमारास इथल्या धर्मपीठानेच आमच्या लोकांच्या लग्नांना वंशावळीचे पुरावे मागितले होते. आमची माणसं धरण्याला बसली, १९६४ मध्ये कुठे तो डाग निघाला. वर घोडेसाहेबांनी आजी-आजोबांच्या दाखल्यांचं लिहिलंय ते वाचताना मला तेच आठवलं. तुलना करत नाही. मारायला मागणं वेगळं, लग्नाला मागणं वेगळं. पण आपलेपणाचा कागद मागितला की माणूस कसा बसतो ते आमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

दर वर्षी स्मृतिदिनाला सकाळी १० वाजता दोन मिनिटं भोंगा होतो. हायवेवर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. माझ्या शेजारच्या बाई हंगेरीतल्या होत्या, आता नाहीत. १९४४ मध्ये मे ते जुलै एवढ्या आठ आठवड्यांत तिथून ४ लाख ३७ हजार नेले, त्यातल्या त्या. भोंग्याला त्या कधी उभ्या राहायच्या नाहीत. त्या वेळी कांदा चिरायच्या. मी एकदा विचारलं नाही, नुसती जाऊन बाजूला बसले.

संपादक_मंडळ | २ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आजच्या मध्यपूर्वेच्या राजकारणावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत, दोन्ही बाजूंचे. त्यासाठी दुसरा धागा चालू आहे.

निशिगंधा_के | २ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच ना? कागद कुणी अडवला का?

इतिहासाची_वही | २ नोव्हेंबर, रात्री १०:३५

अडवला. थोड्यांनी.

आम्स्टरडॅमचं घ्या. हॉलंडची लोकसंख्या नोंदवही जगात नावाजलेली. ती सांभाळणाऱ्या याकोब लेंट्झने असं ओळखपत्र बनवलं की जर्मन ओळखपत्रापेक्षा त्याची नक्कल करणं अवघड, आणि त्याला त्याचा अभिमान होता. नाझीप्रेमी म्हणून नाही, काम चोख म्हणून. घोडेसाहेब, असा एखादा तुमच्या ऑफिसात असेलच. १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मेले, पश्चिम युरोपात इतकं प्रमाण कुठेच नाही. २७ मार्च १९४३ च्या रात्री भूमिगतांची टोळी पोलिसांच्या वेषात नोंदणी कचेरीत घुसली. शिल्पकार, चित्रकार, शिंपी, वैद्यकीचे विद्यार्थी. पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध टोचून बाहेर नेऊन ठेवलं आणि कार्डांना आग लावली. अग्निशमनवाले मुद्दाम उशिरा आले आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं, म्हणजे जळली नाहीत ती भिजावीत. तरी १५ टक्केच कार्डं गेली. बारा जणांना गोळ्या घातल्या.

दुसरा चिऊने सुगिहारा. लिथुआनियात कौनासला जपानचा उपवाणिज्यदूत. १९४० मध्ये दारात निर्वासितांची रांग. टोकियोने नकार कळवला, ह्याने हाताने लिहून दोन हजारांवर व्हिसा दिले. ह्याने तर कागद अडवला नाही, सोडला. पुढे नोकरी गेली.

आणि ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं तो युझेफूफ. १३ जुलै १९४२, पोलंडमधलं गाव, राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी, हँबुर्गचे मध्यमवयीन गृहस्थ. मेजर ट्राप रडवेल्या आवाजात म्हणाला, १,५०० माणसं मारायचीत, ज्याला जमणार नाही त्याने बाजूला व्हावं. सुमारे ५०० जणांतले डझनभर पुढे आले. त्यांना काही झालं नाही. बंदुका जमा केल्या, बस. युद्धानंतरच्या खटल्यांत 'नाही म्हटलं असतं तर मला मारलं असतं' असं अनेकजण म्हणाले. असा मारलेला एकही माणूस कोणा वकिलाला दाखवता आला नाही.

कागदीघोडा | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

होता. लेंट्झसारखा आमच्याकडे होता. अक्षर मोत्यासारखं. साहेब बदलले, सरकारं बदलली, त्याचं रजिस्टर कधी मागे राहिलं नाही. आम्ही सगळे त्याला मानायचो. मीही मानायचो. रात्रभर तोच डोळ्यांसमोर येत होता.

भुसावळ_जंक्शन | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

गाडी लेट करता येते. इंजिन गरम झालं, सिग्नल फेल, रेक सिक (नादुरुस्त). संपात केलंय आम्ही. तिथे कुणी केलं असेल तर माझ्या वाचनात नाही.

स्प्रीकाठची | १० नोव्हेंबर, रात्री १०:१०

उशीर झाला, माफ करा. मधले सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

काकांमुळे शनिवारी ग्रुनेवाल्ड स्टेशनला गेले. शहरी लोकलने जाता येतं. तिथला १७ नंबरचा फलाट स्मारक म्हणून ठेवलाय. कडेने लोखंडी जाळ्या आहेत, १८६. प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, बर्लिन ते कुठे. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१, पोलंडमधलं लॉज शहर, हजारावर माणसं. शेवटची २७ मार्च १९४५, टेरेझिनश्टाटची छावणी, १८ माणसं. रशियन शहराच्या उंबरठ्यावर होते आणि १८ माणसांसाठी कुणीतरी कागद केला. मी आमच्या दारातली तारीख शोधली. सापडली.

शेजारच्या फलाटांवर लोकल येत होत्या, लोक वाणसामानाच्या पिशव्या घेऊन उतरत होते.

काल ९ नोव्हेंबर, १९३८ मध्ये दुकानं आणि देवळं फोडली ती रात्र. इथे त्या दिवशी लोक आपापल्या दारातले दगड घासतात. खालच्या मजल्यावरच्या आजी स्पंज आणि कसलीशी पेस्ट घेऊन बसल्या होत्या, गुडघ्याखाली उशी. मी आणि लेक खाली गेलो. मला काही सुचेना, वर जाऊन चिंचेचा कोळ घेऊन आले. देव्हाऱ्यातली भांडी घासायची सवय, हात आपोआप तिकडेच गेला. आजींनी वास घेऊन बघितला. तीन दगड लखलखीत झाले, चौथा धाकट्याचा, त्याच्यावर हिरवट डाग राहिलेत. अक्षरांच्या खाचांतून निघतच नाही.

भुसावळ_जंक्शन | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

त्या फलाटाचे रूळ आहेत का अजून? फोटो काढला असेल तर कसे दिसतात ते सांगा.

स्प्रीकाठची | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

आहेत काका. स्लीपरांमधून झाडं उगवलीत, बर्चची, चांगली उंच. तशीच ठेवलीत.

भुसावळ_जंक्शन | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

गँगवाल्यांना सांगून ठेवलेलं असणार. एरवी रुळात गवताची काडी ठेवत नाहीत.

नवगावकर | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

स्प्रीकाठची, चिंच लावून वाळू देऊ नका, त्यानेच हिरवं धरतं. आमच्या हनुक्का सणाच्या दिव्याला मी चिंचेत मीठ कालवते, लगेच धुते आणि कोरडं पुसते. अक्षरांना जुना टूथब्रश घ्या, मऊ. शेवटी हाताला लागेल इतकंच खोबरेल.